कोकणात जुनी रेड वाइन उघडायची तर

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला ज्या घरांसाठी दिला गेला त्या घरांतली खोली १६ ते १८ अंश सेल्सियसची असे. रत्नागिरी, मालवण किंवा श्रीवर्धनला एप्रिलच्या संध्याकाळी तीच खोली ३० अंशांच्या आसपास असते, हवा दमट असते आणि स्वयंपाकघरात बांगडा तळला जात असतो. पंधरा वर्षं सांभाळलेली बाटली अशा खोलीत उघडून तशीच ग्लासात ओतली, तर नाकात अल्कोहोलचा भपकारा तेवढा येतो आणि बाकी सगळं त्याखाली दबून जातं. पुढे जे लिहिलं आहे ते किनाऱ्यावरच्या घराचा विचार करूनच.

बाटली त्या लायकीची आहे का

सगळ्याच वाइन ठेवून सुधारत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रेड वाइन तीन ते पाच वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. मुरण्यासाठी टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारा तुरटपणा), आंबटपणा आणि फळाचा दाटपणा या तिन्ही गोष्टी मुळातच भरपूर लागतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या चांगल्या वाइन, इटलीतली बारोलो, स्पेनमधली रियोहा ग्रान रेसेर्वा, फ्रान्सच्या उत्तर ऱ्होनमधली सिरा या दहा-वीस वर्षं आरामात जातात. आपल्याकडच्या फ्रातेल्ली सेत्ते, सुला रासा किंवा ग्रोव्हरच्या ला रिझर्व्हसारख्या बाटल्या चांगल्या साठवणीत पाच ते आठ वर्षं ठेवाव्यात. त्यापुढे ताणू नये, असं आमचं मत आहे.

लेबलवरचं साल द्राक्षं काढल्याचं असतं. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, बोर्दोची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे २०१५ ची नाशिकची वाइन २०१५ च्या बोर्दोपेक्षा सहा-सात महिने आधीच जन्मलेली असते. वय मोजताना हे लक्षात असू द्या.

आता बाटली उजेडासमोर धरून वाइनची पातळी पाहा. रुंद खांद्यांच्या बोर्दो आकाराच्या बाटलीत पातळी मानेच्या खालच्या टोकापर्यंत असेल तर उत्तम. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली असली तरी चालतं. खांद्याच्या मध्यावर किंवा खाली आली असेल तर बुचातून हवा आत गेलेली आहे, अपेक्षा कमी ठेवा. उतरत्या खांद्यांच्या बर्गंडी बाटलीत बुचाच्या तळापासून अंतर मोजायचं: दोन-तीन सेंटिमीटर ठीक, पाच-सहाच्या पुढे शंका.

मग बुचावरचं पातळ आवरण बोटांनी फिरवून पाहा. ते सुटं फिरत असेल तर बहुधा वाइन झिरपलेली नाही. चिकटून बसलं असेल, कडेला वाळलेला चिकट ओघळ असेल, किंवा बूच बाटलीच्या तोंडाच्या वर उचललेलं दिसत असेल, तर बाटलीने कधीतरी जबर उष्णता सोसली आहे. वाइन तापली की फुगते आणि बुचाला ढकलते. कोकणात येणाऱ्या बाटल्यांचं हेच सगळ्यांत मोठं दुखणं आहे. मे महिन्यातल्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत राहिलेले चार तास दहा वर्षांच्या काळजीवर पाणी फिरवतात.

तळघराचा मोह आणि फ्रिज

जांभ्याच्या भिंतींचं जुनं घर आत शिरताच गार वाटतं, म्हणून जमिनीखाली खोली खणून वाइन ठेवावी असं अनेकांच्या मनात येतं. ते करू नका. काही मीटर खोल जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीपाशी स्थिरावतं. बोर्दोला ही सरासरी १३-१४ अंश आहे, म्हणून तिथे तळघर चालतं. कोकणात ती २६-२७ अंश आहे. खड्डा कितीही खोल खणला तरी त्याहून गार मिळणार नाही, आणि पावसाळ्यात जांभ्यातून पाणी झिरपेल ते वेगळंच. माळा तर विचारातही घेऊ नका, कौलांखाली दुपारची उष्णता रात्रीपर्यंत साठून राहते. २७ अंशांवर वाइन लगेच मरत नाही, पण घाईने म्हातारी होते. टॅनिन मऊ व्हायच्या आत फळाचा वास आणि चव निघून जाते.

म्हणून वाइनचा फ्रिज घ्यायचा, १२ ते १४ अंशांवर ठेवायचा आणि तो कॉम्प्रेसरचाच घ्यायचा. बिनकॉम्प्रेसरचे छोटे, आवाज न करणारे फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १२ ते १५ अंश खाली जातात. बाहेर ३४ असेल तर आत वीस गाठतानाही त्यांची दमछाक होते. फ्रिज समुद्राकडच्या खिडकीसमोर नको, खारी हवा मागची जाळी खाते. मागे हातभर नाही तरी वीतभर जागा ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी जाळी कोरड्या ब्रशने झाडा, आणि स्टॅबिलायझर लावाच.

लाइट गेली तर दार उघडायचं नाही. भरलेला फ्रिज काही तासांत थोडेच अंश चढतो आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. पण जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी निवडक बाटल्या कुठे हलवायच्या, जनरेटर कोणाकडे आहे, हे आधी ठरवून ठेवा.

दमट हवा बुचाला चांगलीच असते, त्रास होतो तो लेबलला. बुरशी आणि कसर दोन पावसाळ्यांत लेबल वाचण्याजोगं ठेवत नाहीत. बाटली ठेवतानाच तिच्याभोवती स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा.

आधीचे तीन दिवस

जुन्या रेड वाइनमध्ये गाळ असतो. टॅनिन आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. वाइन मऊ होते ती याच कारणाने, त्यामुळे गाळ हा दोष नाही. मात्र तो ग्लासात आला तर जिभेवर कडू, रवाळ लागतो आणि वासही मंद करतो.

आडवी ठेवलेली बाटली किमान ४८ तास, जमल्यास तीन ते पाच दिवस आधी उभी करा. फ्रिजमधली एक फळी काढली की खाली उभी राहते. उचलताना तिला गोल फिरवू नका, लेबल ज्या बाजूला असेल त्याच बाजूला ठेवा. मुंबई-पुण्याहून घाटातून आलेली बाटली असेल तर आधी दोन-तीन आठवडे आडवी विसावू द्या, मग उभी करा. आंबा घाटातल्या वळणांनी ढवळलेला बारीक गाळ एका रात्रीत बसत नाही.

दिवस निवडता येत असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीमधला निवडा. हवा कोरडी असते, रात्री गार असतात, वास स्वच्छ कळतात. पावसाळ्यात घरभर कुबट वास असतो, आणि नाकाला सवय झालेली असल्याने तो आपल्याला जाणवतही नाही.

ग्लास, खोली आणि खोटा दोष

कोकणातल्या चाखण्यात सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. ‘कॉर्क लागलेल्या’, म्हणजे खराब बुचामुळे बिघडलेल्या, वाइनला ओला पुठ्ठा, भिजलेलं गोणपाट, बंद पडवी असा वास येतो. आणि पावसाळ्यात लाकडी कपाटात पालथ्या ठेवलेल्या ग्लासांना नेमका असाच वास लागलेला असतो. बिचाऱ्या निर्दोष बाटलीला नावं ठेवली जातात. वाइन ओतण्याआधी प्रत्येक रिकामा ग्लास हुंगा. कपाटात डांबरगोळ्या असतील तर तोही वास काचेत बसलेला असतो. ग्लास साबणाशिवाय कडकडीत पाण्याने विसळा, सुती फडक्याने पुसा आणि अर्धा तास उघड्यावर उभे ठेवा. फडकंही हुंगून घ्या, कारण ओलसर राहिलेलं फडकं सगळ्या ग्लासांना आपला वास देऊन जातं.

ग्लास वर निमुळता होणारा, ४०० ते ६०० मिलीचा हवा. त्यात ६० ते ७५ मिलीच ओतायची. गाळ वगळून बाटलीतून साधारण ७०० मिली मिळते, म्हणजे सहा माणसांना प्रत्येकी दीड ग्लास. जुनी बाटली याहून जास्त जणांत वाटू नये, कारण ती ग्लासात तासभर बदलत जाते आणि तो बदल पाहायला हातात वाइन उरायला हवी.

खोलीत धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, गजरा, अत्तर काही नको. कॉइल संध्याकाळी लावायची सवय असेल तर त्या दिवशी खिडक्यांना जाळ्या लावून निभवा. पंखा बंद करा, पंख्याखाली ग्लासातला वास नाकापर्यंत पोचण्याआधीच उडून जातो. एसी चालेल, मात्र बराच काळ बंद असलेला एसी तासभर आधी चालवून त्याचा कुबटपणा घालवा. रंग पाहायला पांढरा एलईडी दिवा हवा, पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच वाइन विटकरी दिसतात.

तापमान

ग्लासात १६ ते १८ अंश हवं. १३ अंशांची बाटली ३० अंशांच्या खोलीत ठेवली तर सुरुवातीला अंदाजे दर पाच मिनिटांना एक अंश चढते, आणि ग्लासातली वाइन त्याहून लवकर. म्हणून बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडायला घ्या. बूच, पहिला घोट, डिकँटर (गाळ मागे ठेवून वाइन ज्यात ओतून घेतात ते काचेचं भांडं) हे सगळं होईपर्यंत ती १६ च्या आसपास आलेली असते. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर ओतलेल्या वाइनमध्ये बुडवून बघा, अंदाजापेक्षा तो बरा.

पुढे डिकँटर गार ठेवायला रुंद पातेल्यात नळाचं पाणी घ्या, त्यात चार-पाच बर्फाचे खडे विरघळवा आणि पाणी १५-१६ अंशांवर ठेवा. बर्फाच्या ढिगात डिकँटर खुपसू नका, फार गार झालं की टॅनिन तुरट होतं आणि वास मिटतो. माठातलं पाणी उपयोगाचं नाही. दमट हवेत माठ नीट पाझरून सुकत नाही, त्यामुळे देशावर जेवढा गार होतो तेवढा इथे होत नाही.

बाटली बाहेर काढताच तिला दव धरेल. ती हलवत पुसू नका, फडकं भोवती हलकेच टेकवा. ग्लासच्या बाहेरचा दव मात्र पुसायलाच हवा, नाहीतर रंग धुरकट दिसतो.

बूच काढणं

आवरण बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेशी कापा आणि वरचा भाग पूर्ण काढा. बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती बाहेरच्या दमटपणाची असते. ओलसर फडक्याने बूच आणि काच पुसून घ्या.

दहा-बारा वर्षांपर्यंतच्या बाटलीला वेटर वापरतात तो दोन टप्प्यांचा स्क्रू पुरतो. त्याची तार पोकळ वेटोळ्याची असावी. मधे भरीव दांडा असलेला स्क्रू जुन्या बुचाचा चुरा करतो. टोक अगदी मध्यावर टेकवा, सरळ आत फिरवा आणि जवळजवळ पूर्ण लांबी आत जाऊ द्या, कारण जुनं बूच तुटतं ते बहुतेक वेळा खालच्या तिसऱ्या भागात, जिथे स्क्रू पोचलेला नसतो. ओढताना घाई नको. बूच किंचित हललं की थांबा, पुन्हा ओढा.

पंधरा-वीस वर्षांच्या पुढे दोन पात्यांचा चिमटा बरा. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवा, मग आखूड. आळीपाळीने दोन्ही बाजूंना झुलवत खाली न्या आणि मग पिळत पिळत वर काढा. बूच मुळातच सैल असेल तर हा चिमटा वापरू नका, तो बूच आत ढकलतो. अशा वेळी स्क्रू आणि चिमटा दोन्ही एकत्र असलेलं साधन सगळ्यांत सुरक्षित: आधी स्क्रू बुचाला धरून ठेवतो, मग पाती कडा सोडवतात.

बूच अर्ध्यात तुटलं तर स्क्रू तिरका घालून उरलेला तुकडा काचेकडे दाबत वर घ्या. तो आत पडलाच तर पडू द्या, वाइन गाळून घेता येते. गाळायला बारीक जाळीची स्टीलची नवी गाळणी किंवा गरम पाण्यात उकळून सुकवलेलं मलमल घ्या. चहाची गाळणी नको, तिचा वास कितीही धुतला तरी जात नाही. बूच निघाल्यावर बाटलीचं तोंड आतून पुसा.

पहिला घोट, मग निर्णय

बाटली न हलवता एका ग्लासात १५-२० मिली ओता. ढवळायच्या आधी हुंगा. पहिल्या क्षणाचा वास बऱ्याचदा कोंडलेला, जरा कुबट असतो. दहा-वीस मिनिटांत तो उडाला तर वाइन ठीक आहे. उलट वाढत गेला आणि फळाचा मागमूसच नसेल, तर बूच खराब होतं. त्याला उपाय नाही. बूच हुंगून यातलं काही कळत नाही, वाइनच हुंगावी.

अक्रोड, काळं पडलेलं सफरचंद आणि तपकिरी रंग एकत्र आले तर हवा आत गेलेली आहे. सिरक्याचा किंवा नेलपॉलिशचा वास पुसटसा असेल तर जुन्या वाइनमध्ये चालतो, डोळ्यांत पाणी येण्याइतका असेल तर नाही. गोठा किंवा औषधी पट्टीसारखा वास ब्रेटानोमायसीस या यीस्टचा असतो. कोणाला तो थोडा आवडतो, आमच्या मते तो फळावर चढला की दोषच. तापलेल्या वाइनला शिजवलेल्या जॅमचा सपाट वास येतो आणि घोट मधेच संपतो.

हवा किती द्यायची तेही याच घोटावरून ठरवा. पंधरा वर्षांपुढची वाइन पहिल्याच हुंगण्यात बोलकी असेल तर डिकँटर फक्त गाळ वेगळा करण्यापुरता, आणि तोही ओतायच्या ऐन वेळी. अरुंद डिकँटर घ्या, पसरट नको. आठ-बारा वर्षांची, अजून आवळलेली, तुरट वाइन असेल तर अर्धा ते एक तास द्या आणि दर पंधरा मिनिटांनी चाखा. ‘दोन तास डिकँट करा’ असा सरसकट नियम जुन्या वाइनचा जीव घेतो. गेलेला वास परत आणता येत नाही.

ओतताना मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली ठेवा. एकाच बारीक, न तुटणाऱ्या धारेत ओता. मधेच बाटली उभी केली की आतली लाट सगळा गाळ उठवते. मानेत धुरासारखी रेघ आली की थांबा. तळाशी ४०-५० मिली उरेल, ती मटणाच्या रश्श्यात घाला. डिकँटर नसेल तर काचेचा स्वच्छ जग चालतो, स्टीलचा नको, त्यात रेघ दिसत नाही.

पाहणं, हुंगणं, चाखणं

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग पाहा. तरुण वाइनची कड जांभळी असते, मग माणकासारखी लाल, मग विटकरी, शेवटी तपकिरी. कॅबर्ने या द्राक्षाच्या वाइनचा रंग बराच काळ टिकतो. बारोलोचं द्राक्ष नेबिओलो आणि बर्गंडीचं पिनो न्वार यांच्या वाइन लवकर विटकरी होतात, त्यामुळे फिका रंग पाहून त्यांना संपलेलं ठरवू नका.

आधी न हलवता हुंगा, मग एक-दोनदाच हळू फिरवा. मुरलेल्या वाइनचे वास नाजूक असतात. ओळखताना परदेशी यादीतले ब्लॅककरंट आणि सेडार आठवत बसण्यापेक्षा आपल्या नाकाला माहीत असलेले वास घ्या: सुकलेली करवंदं, जुनं आमसूल, काळा खजूर, तंबाखूचं पान, चामड्याची वहाण, जायफळ, लवंग, काजूच्या बागेतला भिजलेला पालापाचोळा, पहिल्या पावसानंतरचा जांभा. फळाचे आणि जमिनीचे वास दोन्ही मिळत असतील तर बाटली ऐन भरात आहे. फक्त पालापाचोळाच उरला असेल तर वेळ थोडी टळली. ओतल्यावर लगेच, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि तासाने काय मिळालं ते वहीत लिहा. त्याच पेटीतली पुढची बाटली कधी उघडायची, हे त्या चार ओळींवरून ठरतं.

घोट १०-१५ मिलीचा घ्या, तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा. आंबटपणा जिभेच्या कडांना लाळ आणतो, टॅनिन हिरड्यांना धरतं. चांगल्या मुरलेल्या वाइनचं टॅनिन धरतं आणि सोडतं, खरखरत नाही. गिळल्यावर चव किती सेकंद राहते ते मोजा. पाच-सहा सेकंदांत संपली तर साधी, पंधराच्या पुढे गेली तर थांबून दाद द्यावी अशी. फळ गेलं आणि नुसता आंबटपणा व जळजळ उरली, तर ती बाटली सुकली आहे.

सोबत काय

पहिला ग्लास नुसताच. मालवणी मसाल्याच्या तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचरे होतात, सोलकढीच्या आंबटपणापुढे वाइन फिकी पडते. बांगडा, तारली तर नकोच. वाइनमधलं लोह माशाच्या तेलाला भिडलं की तोंडात धातूसारखी चव येते. मिरी-मिठात मंद भाजलेलं मटण, लोण्याबरोबर तांदळाची भाकरी, बिनमिठाचे काजू हे चालतं. सगळ्यांत छान जुळते ती पावसाळ्यात मिळणारी अळंबी, ओळखीच्या माणसाने निवडून दिलेली, लोण्यात परतलेली, वर फक्त मीठ. फक्त त्या दिवशी घरातल्या कुबट वासाचा बंदोबस्त आधी करा.

उरली तर

जुनी वाइन दुसऱ्या दिवसावर टाकू नये. उरणारच असेल तर सुरुवातीलाच ३७५ मिलीची स्वच्छ, वास नसलेली बाटली तयार ठेवा. डिकँटरमधली वाइन लगेच तिच्यात काठोकाठ भरा, घट्ट बंद करा आणि साध्या फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या संध्याकाळी काढून १५ अंशांवर येऊ द्या आणि संपवा. तिसऱ्या दिवशी ती रश्श्यातच जाते.